जोडव्याचा ठसा

साळुबाई ओव्हनच्या काचेतून आत बघत होती. आतल्या नानखटाया पसरत चालल्या होत्या. प्रत्येकीवर तिने जोडवं दाबून गोल ठसा उठवला होता. तो आधी पुसट झाला, मग पार नाहीसा झाला.

"गेला बघ," ती म्हणाली. "ह्या बी खेपेला गेला."

"काकवी हाय ती, पसरनारच," हसीना म्हणाली. "सकाळधरनं मी काय सांगती?"

स्वयंपाकघर हसीनाचं, ओव्हन तिच्या सुनेचा. हसीनाच्या नवऱ्याची, बदरुद्दीनची, वारूळवाडीतली भट्टी थंड होऊन बरीच वर्षं झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पण भट्टी पेटती होती तेव्हा दिवाळीत अख्खं गाव घरचं पीठ-तूप घेऊन तिथे लोटायचं. चार-चार घरांचे नानखटायांचे पत्रे एकदमच आत जायचे. अदलाबदल होऊन भांडणं नकोत म्हणून घराघराची खूण ठरलेली. कुणाची किल्ली, कुणाचं बटण, साळुबाईच्या घरचं जोडवं. तिचा नातू सुदर्शन तेव्हा एवढासा. भट्टीच्या दारात उभा राहून ओरडायचा, "गोलवाली आपली!" दुसऱ्याची कितीही खुसखुशीत असो, तोंडाला लावायचा नाही. ती धग आणि तो वेलदोड्याचा वास साळुबाईला आजही आठवायचा.

नवरा, हौशीराम, गेला तेव्हा साळुबाईच्या पायातली जोडवी उतरली. त्यातलं एक तिने डबीत जपलं होतं. ते वर्षातून एकदाच बाहेर निघायचं, उकळत्या पाण्यात बुडायचं आणि कामाला लागायचं.

आता त्याच सुदर्शनची लेक समृद्धी चार वर्षांची झाली होती आणि तिची आई प्राची पोरीला साखर देत नव्हती. गेल्या दिवाळीला प्राचीने नानखटाईचा डबा अगदी हसून परत केला होता. "आजी, राग मानू नका, साखरेचं आम्ही बंदच केलंय." साळुबाईने राग मानला नाही. फक्त तो अख्खा डबा रोज थोडाथोडा करून एकटीने संपवला, शेजारणीला चवीपुरतीसुद्धा दिली नाही. यंदा मात्र तिने बेल्ह्याकडच्या गुऱ्हाळावरून काकवी मागवली होती. भाऊबीज झाली होती. पुण्याला परत निघालेल्या सुदर्शनची गाडी आता कधीही हसीनाच्या दारात येणार होती, आणि पीठ उरलं होतं एका पत्र्यापुरतं.

हसीनाने फळीवरचा डबा काढून पुढे ठेवला. "ऐक माझं. मूठभर पिठीसाखर घाल ह्यात. ठसा झ्याक ऱ्हाईल. काकवीचा रंग हायेच, कुनाला कळतंय?"

साळुबाईचा हात डब्यात गेला. किती ओळखीची होती ती साखर, हाताला मऊ लागणारी. तिने मूठ भरली. पिठापर्यंत नेली. मग परत डब्यात रिकामी केली.

"न्हाई. तिच्या आईनं नको म्हनलंय. आईच्या माघारी पोरीच्या तोंडात घालायचं आन् वर आपली म्हनून ठसा मारायचा?"

"मंग जाऊ दी बिनठशाची."

"बिनठशाची तर दुकानात बी मिळती."

शेवटचा पत्रा बिनठशाचाच आत गेला. बाहेर हॉर्न वाजला तेव्हा हसीनाने तो बाहेर ओढला. नानखटायांच्या कडा बदामी झाल्या होत्या, मधे अजून तूप बुडबुडत होतं. साळुबाईने एकीला बोट लावून बघितलं. मऊ होती, पण आता पसरत नव्हती.

तिने ओट्यावरचं जोडवं उचललं आणि दाबलं.

"अगं, भाजशील!"

"भाजू दे."

तिने जोडवं काढलं. गोल ठसा जसाच्या तसा होता. मग तिने दम घेतला नाही. एक झाली की दुसरी, बोटांवर फुंकर, पुन्हा तिसरी. शेवटच्या दोन तेवढ्यात कडक झाल्या आणि ठशाखाली तडकल्या. मान वर केली तेव्हा दारात प्राची उभी होती, समृद्धीचा हात धरून. मागे सुदर्शन गाडीची किल्ली घेऊन उभा होता. त्याची नजर पत्र्यावरच होती.

"आजी, हे काय करताय?"

"काकवीच्या हायेत. साखर नाय ह्यात," साळुबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "घालनार व्हते. मूठ भरली व्हती मी."

प्राची पुढे आली. तिने म्हातारीचा हात हातात घेतला, लालबुंद झालेली बोटं बघितली, आणि तिला मोरीपाशी नेऊन नळाखाली तो हात धरला.

इकडे हसीनाने पहिल्या खेपेतली एक निवलेली नानखटाई पोरीला दिली. समृद्धीने आईकडे बघितलं. प्राचीने मानेनेच 'खा' म्हटलं. पोरीने नानखटाई उलटीसुलटी करून बघितली आणि होती तिथे ठेवून दिली.

"ही नको," ती म्हणाली. "गोलवाली."

बोटांची आग केव्हाच थांबली होती. तरी साळुबाईने नळाखालचा हात काढून घेतला नाही, आणि प्राचीनेही तो सोडला नाही.