दिवसभर पुरेल असं कार्ड

"हाऽऽ हुर्र! हाऽऽ हुर्र!" शेतातून लिंबाजीचा आवाज येत होता आणि चुलीपुढे सरूबाई निवांत भाकऱ्या थापत होती.

ज्वारीवरची पाखरं हाकलायला लिंबाजीने स्वतःचीच आरोळी भोंग्यात भरली होती. जुन्या भोंग्यात बारकंच मेमरी कार्ड चालायचं. आरोळी संपली की भोंगा गप्प व्हायचा आणि लिंबाजी उठून तो पुन्हा सुरू करायचा. तेवढ्यावरून सरूबाईला घरबसल्या कळायचं, की धनी बरा आहे. कालच जावयाने मोठं कार्ड चालणारा नवा भोंगा आणून दिला. "मामा, आता दिवसभर ऊठबस नको," असं म्हणाला.

भाकऱ्या निवल्या, जेवणवेळ टळली, तरी लिंबाजी आला नाही. सरूबाईने दारात येऊन कान दिला. आवाज खणखणीत होता. मग एकदम तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून तो एकदाही थांबलेला नाही.

ती अनवाणीच धावत सुटली. राखणीच्या माळ्यावर कुणीच नव्हतं. खाली त्याच्या वहाणा तेवढ्या पडल्या होत्या.

"अवो, कुठं हायसा?" ती जीव तोडून ओरडली.

लगेच त्याचाच आवाज आला, "हाऽऽ हुर्र!"