ओला उंबरठा

झिंगीचा उजवा हात अंगाला चिकटून लोंबत होता. कोपरापासून बोटांपर्यंत हळद-तेलानं पिवळा, लग्नघरातून उठून आल्यासारखा. पोरगी दोन वर्षांची. जन्मली तेव्हा झिंग्याएवढी होती, म्हणून झिंगी. दवाखान्यात आईच्या मांडीवर गुमान बसली होती. त्या हाताला कुणी शिवलं की तेवढ्यापुरती किंचाळायची.

डॉक्टर प्रणितनं विचारलं, कसं झालं? विचारलं आईला, उत्तर दिलं आजीनं. सुगंधाबाई बाजारात मासोळ्या विकते, तिचं बोलणं तीन दुकानं पलीकडे ऐकू जातं. सूनबाईनं उंबरठा पुसून ओलाच ठेवला, पोट्टी घसरली अन् पडली, एवढीच गोष्ट. हीच तिनं सकाळी शेजारणीला सांगितली होती आणि मग एस.टी.तल्या सगळ्यांना, कंडक्टरसकट. सून वच्छला सकाळपासून बोलली नव्हती.

डॉक्टरनं खांद्यापासून खाली हळूहळू चाचपलं, कोपर शेवटी ठेवलं. सूज नाही. काळंनिळं नाही. पडलेल्या पोराच्या अंगावर कुठं तरी खरचटतं, तेही नाही. त्यानं पुन्हा विचारलं, नेमकी पडली कशी? आजीच्या सांगण्यात उंबरठा जरा उंच झाला. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याच्यावर शेवाळ आलं.

"पडली असेल तर आधी हाडाचा फोटो काढावा लागेल," डॉक्टर म्हणाला. "हाड मोडलेलं असलं अन् मी हात फिरवला, तर भलतंच व्हायचं. फोटोची सोय इथं नाही. चंद्रपूरला न्या." आणि तो चिठ्ठी लिहायला बसला.

वच्छला पोरीला घेऊन उठली. उठताना तो हात हलला. झिंगी अशी रडली की दारातल्या बायांनी आत डोकावून पाहिलं. चंद्रपूर म्हणजे दोन एस.टी. आणि मधे खड्ड्यांचा रस्ता.

"अन् पडली नसन तं?"

सुगंधाबाईनंच विचारलं होतं. डॉक्टरचा पेन थांबला.

"समजा," ती म्हणाली. "कोनी हाताले धरून वढलं असन तं?"

"तर बहुतेक कोपराचा सांधा जरासा सरकलाय. या वयात सरकतो. मग चंद्रपूर नको, मी इथंच बसवतो, दोन मिनिटांचं काम." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, चिठ्ठीकडेच पाहत राहिला. "पण समजा म्हणून नाही बसवता येत, बाई. खरं सांगावं लागेल."

सुगंधाबाईनं पदर सावरला. भिंतीवर लसींचा तक्ता होता, तो वाचता येत असल्यासारखी बघत राहिली. सांगितलं तर पोरीचा हात इथंच बरा होईल. आणि सून पोरीला पुन्हा तिच्याजवळ एकटी ठेवणार नाही. मग दिवसभर ते रिकामं आंगण, कोंबड्या आणि ती.

झिंगी हुंदके देत होती.

"घरामांगं बोडीच्या पान्यात जाळं धुऊन राह्यली होती मी," सुगंधाबाई म्हणाली. हा आवाज बाजारातला नव्हता. "हे पोट्टी मांगून कवा आली, समजलंच नाई. काठावरून पाय घसरला तिचा. मनगट धरलं अन् मीच वढलं." मग तिनं पुरं केलं, "उंबरठा कोरडाच होता."

वच्छलानं मान वर केली. सासूकडे पाहिलं, मग पोरीला घेऊन पुन्हा खाली बसली.

डॉक्टरनं कोपरावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं झिंगीचा तळहात फिरवला आणि हात दुमडला. वाळकी शेंग तडकावी तेवढाच आवाज आला. त्यानंतर झिंगीचा, तो सगळ्या दवाखान्यानं ऐकला.

बाहेर बाकावर बसा, म्हणाला, दहा मिनिटांत हात वापरायला लागेल. यापुढं एका हाताला धरून उचलायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं. सुगंधाबाई मान खाली घालून ऐकत होती. तो पुढं म्हणाला, "ओढलं म्हणून हात दुखावला. नसतं ओढलं, तर?" आणि पुढच्या पोराला आत बोलावलं.

बाकावर तिघी बसल्या. सुगंधाबाईनं पदराची गाठ सोडून एक तळलेला पोंगा काढला आणि नातीसमोर धरला. झिंगीनं डावा हात पुढं केला. वच्छलानं तो हळूच धरून ठेवला. झिंगीनं आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, पोंग्याकडे पाहिलं. मग पिवळा हात उठला, पोंग्यापर्यंत पोचला आणि पोंगा तोंडात गेला.

सुगंधाबाईनं डोळे पुसले, आणि बोटाची हळद डोळ्यात गेली म्हणून पुन्हा पुसले.

"वापसीले तोच कंडक्टर असन," वच्छला म्हणाली. "त्याले बी सांगजा, आत्याबाई. उंबरठा कोरडा होता म्हनून."

सुगंधाबाईला हसावं की नाही ते कळेना.

"अन् उद्या मी धानाच्या रोवन्याले जातो. झिंगी राहीन तुमच्याजोळ."

एवढं बोलून वच्छलानं पिशवी उचलली आणि ती रस्त्याला लागली. झिंगी बाकावरून उतरून आजीसमोर उभी राहिली, हात वर करून. सुगंधाबाईचा हात सवयीनं मनगटाकडे गेला आणि मधेच थांबला. मग तिनं मूठ मिटली, एकच बोट बाहेर ठेवलं आणि नातीपुढं केलं.

"धर," ती म्हणाली. "तूच धर मले."