दोन वाजताची ओळ

“दोन वाजले. आई, आधी जेवून घे.”

ही ओळ त्याला प्रोग्राममध्ये दिसली आणि त्याने ती पुन्हा वाचली. रोज दोनला पडद्यावर उमटणारी ही ओळ फक्त आईच्या शिवणाच्या दुकानातल्या पेटीत असायला हवी होती. पण घाईगडबडीत ती सगळ्यांसाठी ठेवलेल्या मूळ प्रतीत गेली होती आणि तीन वर्षं तिथे ठाण मांडून बसली होती.

पेटी म्हणजे त्याने बनवलेला सर्व्हर. लहान दुकानांसाठी, फळीवर मावेल एवढा. ऑर्डरी, मापं, गिऱ्हाइकांचे पत्ते सगळं दुकानातच राहायचं, कुठल्या बड्या कंपनीकडे जायचं नाही. प्रोग्राम ओपन सोर्स. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. कोण वापरतं याची नोंद ठेवायची नाही, हा त्याचा बाणा. त्यामुळे आईखेरीज कुणी वापरतं की नाही, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

“तीन वर्षांत एक तक्रार नाही,” बायको म्हणाली होती. “चालणाऱ्या वस्तूला लोक नावं तरी ठेवतात रे. शनिवारपर्यंत वाट बघ. नाहीतर हे बंद कर आणि चालून आलेल्या त्या नोकरीला हो म्हण.”

तिचं काही चुकत नव्हतं. आज शनिवार होता. जाता जाता घर झाडून जावं, म्हणून तो सकाळपासून प्रोग्रामची साफसफाई करत बसला होता. त्यात हे सापडलं.

परक्या दुकानदाराला आई म्हणणारा सर्व्हर! लाजेने त्याचे कान तापले. त्याने ओळ उडवली आणि सुधारलेली प्रत नेटवर ठेवली. बारा वाजेपर्यंत सगळ्या पेट्या ती आपणहून उतरवून घेणार होत्या. पेट्या असल्या तर.

दोन वाजून पाच मिनिटांनी तक्रारींच्या पानावर पहिला निरोप आला. “पेटी बिघडली. दोन वाजले तरी बोलली नाही.” खाली सही : घड्याळं दुरुस्त करणारा. मग एक चष्मेवाला. मग एक छापखाना : “आम्ही सगळे बाप्ये, पण तिने सांगितल्याशिवाय इथे कुणी डबा उघडत नाही.” अडीचपर्यंत पान खाली खाली सरकतच राहिलं. त्याला हसावं की रडावं कळेना.

बायको मागे उभी राहून सगळं वाचत होती.

“कळव त्या नोकरीवाल्यांना,” ती म्हणाली. “म्हणावं, माणूस कामात आहे.”

तो ओळ परत घालायला बसला, तेवढ्यात आईचा फोन आला.

“बरा आहेस ना रे?”

“मला काय झालंय?”

“नाही, आज तुझं लिहून आलं नाही. रोज दोनला हातातलं काम टाकून माझ्यासाठी तेवढं लिहितोस, म्हणून तर मी मशीनवरून उठते.”

तो म्हणाला, “आज उशीर झाला गं. जेवून घे.”

संध्याकाळपर्यंत ती ओळ सगळ्यांना परत मिळाली. फक्त आईच्या पेटीत त्याने ती घातली नाही. तिथे रोज दोन वाजता तो स्वतः लिहितो.