तुळईचं दुसरं टोक

छपराच्या तुळईला तिरपं भोक पाडायचं, तर बाबांना दोन मुठींचं ते जुनं हातयंत्रच लागतं. यंत्र तुळईवर ठेवून ते त्यावर बसायचे, मुठी फिरवायचे आणि तुळई हलू नये म्हणून आई दुसऱ्या टोकावर बसायची. तिथून तिला यंत्राचा कल बरोबर दिसायचा. "अजून जरासं वाकवा," ती म्हणायची, आणि सांधा कधी चुकला नाही.

आई गेल्यावर मी लकडगंजच्या बाजारातून तुळई पकडून ठेवणारे लोखंडी शिकंजे आणले, कोन मोजायची पट्टीही आणली. आता टोकावर कुणी बसायची गरजच नव्हती.

काल मी चहा घेऊन बाबांच्या कारखान्यात गेले. तुळई शिकंज्यांत घट्ट बसली होती, तरी बाबा तिचं दुसरं टोक खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत होते. माझ्यासाठीच पुसलं असेल, असं वाटून मी तिथं टेकले.

बाबा यंत्रावर बसले. मुठी हातात धरल्या, पण फिरवेनात.

"काय झालं, बाबा?"

"जराशी बाजूले सरक वं, मेघा," ते म्हणाले. "तुह्या आईले कल दिसून नाही राहिला."