ज्युरीने ऐकायचं नाही ते

“अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट ही, साहेब,” ऑर्विल थोरसन म्हणाले. तोंडातली पेपरमिंटची गोळी दातांवर खुळखुळली. “ती ज्युरीच्या कानावर गेली, तर आजच्या आरोपाचा विचार कोण करणार? त्या जुन्याचीच शिक्षा होईल माझ्या अशिलाला.”

न्यायाधीश प्रिडींनी मान हलवली. गोळीबद्दल ते आता काही बोलत नसत. भर कोर्टात गोळी चघळायची मुभा मोंटानाच्या त्या भागात एकट्या थोरसनना होती, आणि तीही कुणी दिलेली नव्हती.

खटल्याआधीची ही सोमवारची सुनावणी. ज्युरीला काय ऐकवायचं आणि काय नाही, एवढंच ठरायचं होतं. आरोपी कर्ट ब्रँडवोल्ड. नऊ वर्षांच्या सावत्र मुलीला, टेसाला, भर जानेवारीत बूट काढून घेऊन गॅरेजमध्ये कोंडायचा, असा आरोप. बघितलेलं कुणी नाही. तिचा शब्द आणि त्याचा शब्द.

आणि केलीन. कर्ट पूर्वी केलीनच्या आईबरोबर राहायचा. तेव्हा केलीन टेसाएवढीच होती. गॅरेज दुसरं, पण बूट तसेच काढून घेतलेले. तेव्हा पोलिसांत कुणी गेलं नाही. आता ती स्वतः सांगायला दोन राज्यं ओलांडून एकटी गाडी हाकत आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती.

सरकारी वकील रोंडा टीसडेल उभी राहिली, तिला जे म्हणायचं ते म्हणाली आणि बसली. थकून गेली होती ती. तिच्या ऑफिसात माणसं दोनच, ती आणि फोनपासून फायलींपर्यंत सगळं बघणारी डेनिस. दोघी महिनाभर या एका साक्षीसाठी राबल्या होत्या.

“केलीनची साक्ष होणार नाही,” प्रिडी म्हणाले. “बचाव पक्षाने स्वतःच तो विषय काढला, तर मात्र गोष्ट वेगळी.”

“काढेन कशाला?” थोरसन म्हणाले. “म्हातारा झालोय, खुळा नाही.” आणि कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधू लागले. कारकुनाला हसू आवरेना.

बाहेर केलीनच्या हातात गार झालेली कॉफी होती.

“म्हणजे मी काही बोलायचंच नाही?”

“नाही.”

“आणि ती पोरगी एकटीच बोलणार?”

“एकटीच. तू घरी जा, केलीन. इथे थांबून उगाच जिवाला त्रास.”

“तेव्हा आई म्हणायची गप्प बस. आता कोर्ट म्हणतंय. ठीक आहे.”

थोरसन टोपी चढवत दोघींच्या समोरून गेले. केलीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रोंडाला त्यांचा मनापासून राग आला. वकिली ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती, म्हणून जरा जास्तच.

मंगळवारी ज्युरी निवडली. बुधवारी टेसाची साक्ष झाली. खालमानेने बोलत होती, दोनदा वार सांगताना चुकली. थोरसननी तिला फार काही विचारलं नाही, गरजच नव्हती. ज्युरीतल्या दोघा-तिघांनी हाताच्या घड्या घातल्या होत्या. अशा घड्या रोंडाने पूर्वीही बघितल्या होत्या. हा खटला हातचा गेला, हे तिने संध्याकाळी डेनिसला सांगूनही टाकलं.

गुरुवारी दुपारी कर्ट साक्षीला बसला. कोट नवा, केस चापून बसवलेले. हॉकीच्या पोरांना तो फुकट शिकवायचा, चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा, सगळं सांगून झालं. थोरसन खुर्चीकडे वळले, मग काहीतरी राहिल्यासारखे थांबले.

“कर्ट, आयुष्यात कुठल्याही लेकराला थंडीत कोंडलंयस कधी?”

“कधीच नाही.”

रोंडाला आधी वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. मग ती उभी राहिली.

प्रिडींनी ज्युरीला बाहेर पाठवलं. “थोरसन, तुम्ही काय विचारलंत ते कळतंय ना तुम्हाला?”

“काय म्हणालात, साहेब?” थोरसननी कानामागे हात धरला.

प्रिडींनी पुन्हा सांगितलं, आणि हेही सांगितलं, की विषय आता तुम्हीच काढलात. केलीनला बोलावता येईल. थोरसन खाली बसले. साक्षीच्या खुर्चीतून उतरून आलेल्या कर्टने त्यांची बाही धरली होती, “हे काय करून बसलात?” असं दातओठ खात विचारत होता. थोरसन चष्मा पुसत राहिले.

स्वतः बंद करून घेतलेला विषय स्वतः काढायचा नाही, हा पहिला धडा रोंडाला यांनीच दिला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याहून जास्त त्या माणसाची कीव आली.

“निवृत्त व्हायला हवं होतं त्यांनी,” कारकून हळूच म्हणाला.

रोंडा फोन काढतच बाहेर धावली. केलीन पोचली असेल घरी. दोन राज्यं. प्रिडी उद्यापर्यंत थांबतील का?

केलीन बाकावर बसली होती. इस्त्री केलेला करडा सदरा, केस घट्ट बांधलेले.

“तू गेली नाहीस?”

“जाणार कशी? सोमवारी संध्याकाळी तुमच्याच ऑफिसातून फोन आला ना, थांब म्हणून. गुरुवारी दुपारी तुला बोलावतील, तयार होऊन ये.”

“डेनिसने केला?”

“नाही हो, बाई नव्हती. म्हातारा माणूस होता कुणीतरी. तोंडात गोळी होती त्याच्या, दातांवर सारखी खुळखुळत होती.”