कल्ले लाल होईपर्यंत

इंदूच्या पत्राला वसंताने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. मुलगा समुद्रात बुडाल्यावर धाकट्या बहिणीने एवढंच विचारलं होतं, "दादा, माझ्या सुहासला समुद्रात सोडण्याआधी त्याचं डोकं टबात धरलं होतंस ना?"

मालवणच्या धक्क्यावर तसा नेमच होता. पाणबुड्यांच्या मानेत बसवलेले कल्ले कधीकधी उघडत नसत. म्हणून जोडीदाराने आधी डोकं पाण्यात दाबायचं आणि कल्ले उघडून लाल होईपर्यंत, माणसाने कितीही हातपाय झाडले तरी, सोडायचं नाही.

आज सुहासची बहीण कुंदा देवगडहून कामावर आली होती. "मामा, भाचीला जरा सांभाळून घ्या हं," असं म्हणत ती टबावर वाकली.

वसंताने डोकं दाबलं. तिने त्याचे हात ओरबाडले, टबाला लाथा मारल्या. कल्ले पांढरेच राहिले. ती लुळी पडायला लागली, तेव्हा त्याने तिला बाहेर ओढलं.

"तुझे कल्ले मेलेत, पोरी. घरी जा."

खोकता खोकता तिने विचारलं, "सुहासदादाचे तर उघडले होते ना, मामा?"

संध्याकाळी त्याने इंदूला लिहिलं, "सुहास तडफडायला लागला. मला बघवेना. मी हात काढला."

कुंदा एसटीची वाट पाहत उभी होती. तिच्या हाती द्यायचा त्याला धीर झाला नाही. त्याने पत्र टपालपेटीत टाकलं.