पडद्यामागची पहिली

पडद्यामागून, सूर लागायच्या आधी, नाकानं ओढलेला छोटासा श्वास ऐकू आला आणि सरांचे कान तापले. ही आपलीच पोरगी. त्या श्वासावरून ते तिला लहानपणापासून रागवत आले होते. व्हायोलिन वाजवतेस की पाण्यात उडी मारतेस, म्हणायचे.

सर विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख. विभागात वर्षभर बाहेरगावचे कलाकार येऊन वाजवून जात. यंदा ड्रमवाले झाले, नुसत्या तोंडानं ताल धरणारी मंडळी झाली, एक म्हातारा अकॉर्डियनवाला तर सगळ्यांना नाचवून गेला. शेवटचा कार्यक्रम चेलो वाजवणाऱ्या पाहुण्या बाईंचा होता आणि त्यांच्या जोडीला विभागातलं कुणीतरी एक बसणार होतं. निवड पडद्याआडून. कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसायला नको, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. हा पडदा सरांनीच आणवला होता, लेक विभागात शिकायला आली त्या वर्षी. लोकांनी तेव्हाही नाकं मुरडलीच.

टेबलाशी तिघं बसले होते. मध्ये पाहुणी, डोळे मिटून. तिच्या पलीकडे व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई, डोळे चांगले टक्क उघडे. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या सरांकडे बघत होत्या.

सरांनी चेहरा कोरा ठेवला. कानांना मात्र ते काही करू शकत नव्हते. आणि वाजवणं असं मोकळं, असं सुरेख चाललं होतं की घरी ती कधी इतकं छान वाजवत नसे. सरांचा ऊर भरून आला. लगेच भीतीही वाटली, कारण ऊर भरून आलेला बाप लांबूनही ओळखू येतो.

मग दुसरी. हिचा श्वास नाही, चूक नाही. सगळं जागच्या जागी, पण गळ्याशी आवळ बटण लावून बसल्यासारखं. ही लेकीची मैत्रीण, सरांनी धरून टाकलं. शेवटच्या फेरीत त्या दोघीच उरल्या होत्या. वर्षभर एकाच खोलीत सराव करायच्या.

"माझं मत पहिलीला," पाहुणी डोळे उघडत म्हणाली. "यात विचार कसला करायचा?"

"मी दुसरी म्हणते," बाई म्हणाल्या. अजूनही सरांकडेच बघत. "आता सर काय ते सांगतील."

पहिली उजवी होती, हे तर दारावरच्या शिपायानंही सांगितलं असतं. पण 'पहिली' म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागात एकच चर्चा : बापानं लेकीला बसवलं. तिला ते जन्मभर ऐकावं लागेल. त्यापेक्षा एक कार्यक्रम गेला तर गेला.

"दुसरी," सर म्हणाले.

पाहुणीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईही गोंधळल्या. सरांना स्वतःचा अभिमान वाटला, अगदी खराखुरा, आणि थोडं रडूही आलं.

बाईंनी उठून पडदा सारला. मागे दोघी उभ्या होत्या.

"दुसरी कोण होती गं?"

सरांच्या लेकीनं हात वर केला.

बाई परत टेबलाशी आल्या आणि सरांच्या कानाशी वाकल्या. "पहिलीच्या वेळी काय चेहरा केलात हो, सर! मी चक्क फसले. म्हटलं, हीच तुमची. म्हणून तर दुसरीला मत दिलं."

सरांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. पाहुणी आपला चष्मा पुसत होती.

"बाबा, इकडे या जरा." लेकीच्या चेहऱ्यावर आनंद नावाला नव्हता. तिनं त्यांना खिडकीपाशी नेलं. मैत्रीण जवळच्याच बाकावर बसून व्हायोलिनच्या तारा पुसत होती. "तुम्हाला कळू नये म्हणून मी श्वास दाबून वाजवलं. सगळ्याची वाट लागली. तरी ओळखलंत ना मला?"

"नाही गं."

"खोटं नका बोलू. हिनं माझ्यापेक्षा कितीतरी छान वाजवलं आज. आणि तिला सोडून तुम्ही मला घेता? तुम्ही? एका चुकीच्या सुरासाठी मला जेवणावरून उठवणारे?"

"अगं, पण श्वास..."

"तो तिचा होता. वर्षभर माझ्याबरोबर राहून माझं खूळ तिला लागलंय, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?" तिचे डोळे भरले होते. "तुम्ही आजपर्यंत मला जेवढ्या वेळा 'छान' म्हणालात ना बाबा, त्यातलं खरं किती, तेच कळेनासं झालंय मला."

बाईंचा संशय सरांनी पचवला असता. साऱ्या विभागाचा पचवला असता. हा पचणारा नव्हता.

"तुला नाही ओळखलं," ते म्हणाले. आवाज खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. "मला वाटलं, पहिली तू आहेस. म्हणून तिला नाही म्हटलं."

लेकीचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

बाकावरच्या मुलीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"सर," ती म्हणाली, "मग मी वाजवलं कसं होतं?"